हलक्या गाडीला घोडे किती लागतात?

पूर्वी गाडी घेणारा माणूस दोनच प्रश्न विचारायचा. किंमत किती आणि ॲव्हरेज किती? गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, घोडे किती? माझ्या वर्गातल्या मुलांना पानिपतचे साल विचारले तर ती छताकडे बघतात, पण कोणत्या गाडीत किती एच.पी. आहे ते त्यांना तोंडपाठ असते. थारमध्ये दीडशे, अमक्या बाईकमध्ये चाळीस, तमक्या परदेशी गाडीत पाचशे. मोठा आकडा ज्याने सांगितला तो मधल्या सुट्टीतला वाद जिंकला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाण्याची खोड आहे. उर्दूत ‘कुव्वत’ म्हणजे ताकद. हाच शब्द मराठीत आला आणि ‘कुवत’ झाला. पण मराठीत येताना त्याच्या अर्थाला मर्यादा चिकटली. ‘आपली कुवत ओळखून वागावे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ताकद किती आहे यापेक्षा ती कुठवर पुरेल हे आपल्या मनात असते. गाडीच्या जाहिरातीत कुव्वत विकली जाते. घेणाऱ्याने विचार करायचा असतो कुवतीचा. हलक्या, छोट्या, मजेसाठी चालवायच्या गाडीला खरोखर किती अश्वशक्ती पुरते, हा प्रश्न म्हणूनच मला जुनाही वाटतो आणि महत्त्वाचाही. त्याचे उत्तर शोधायला आपल्याकडे एक चांगली जागा आहे. आलापल्लीहून पेरमिली, ताडगावमार्गे हेमलकशाला जाणारा रस्ता.

आधी घोड्याचा हिसाब समजून घेऊ. जेम्स वॅट वाफेची इंजिने विकत होता आणि त्याचे गिऱ्हाईक घोड्यांवर कारखाने चालवत होते. त्यांना समजेल असे माप त्याने बसवले. मेट्रिक पद्धतीत ते फार सोपे आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले की झाली एक अश्वशक्ती. आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत एका बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. म्हणजे जोडीने आठ तास नांगर ओढला तर आठ तास एक ‘एच.पी.’ चालला.

आता हे माप गाडीला लावून बघा. समजा गाडी आणि चालवणारा मिळून ७५० किलो झाले. दहा मीटरला एक मीटर चढणारा घाट आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. गाडी दर सेकंदाला एक मीटर वर जाते. ७५० भागिले ७५, उत्तर दहा. एवढा चढ चढायला दहा घोडे. टायरची आणि हवेची अडवणूक धरली तर आणखी दोन-तीन.

सपाट रस्त्यावर तर त्याहून कमी. एवढ्याच वजनाच्या बंद छोट्या गाडीला ताशी ६० चा वेग टिकवायला पाच-सहा अश्वशक्ती पुरतात. वेग दुप्पट करून १२० केला तर मात्र पंचवीस-तीस लागतात, कारण वेग दुप्पट झाला की हवा कापायला आठपट ताकद खर्च होते. म्हणून छोट्या गाडीला हमरस्त्यावर पळायला तीस-पस्तीस घोडे असले की काम भागते. ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोत ६२४ सीसीचे इंजिन आणि सुमारे ३५ अश्वशक्ती होती. वजन ६०० किलो. ती ताशी १०५ पर्यंत जायची. मारुती ८०० ने यापेक्षा फार जास्त घोडे न बाळगता अख्खा देश फिरवला. मुंबईची फियाट, म्हणजे पद्मिनी टॅक्सी, चाळीस अश्वशक्तीवर माणसे, सामान आणि टपावरची वळकटी घेऊन धावत होती.

मग जास्तीचे घोडे लागतात कशाला? झटकन वेग घ्यायला. तीच ७५० किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून दहा सेकंदांत शंभरच्या वेगाला न्यायची असेल, तर त्या दहा सेकंदांत सरासरी चाळीस अश्वशक्ती सतत चाकांपर्यंत पोहोचायला हवी. इंजिन प्रत्येक क्षणी पूर्ण जोर देत नाही, गिअर बदलताना वेळ जातो, म्हणून कागदावर साठ-सत्तर असावी लागते. गाडीचे वजन दुप्पट केले की हा आकडाही दुप्पट. म्हणजे ‘घोडे किती?’ या प्रश्नाआधी ‘ओझे किती?’ हे विचारावे लागते. हा धडा सगळ्यात स्पष्टपणे शिकवणारी गाडी स्पोर्ट्स कार म्हणून जन्माला आलीच नव्हती. ती फौजेसाठी बनली होती.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी फौजेने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. चारही चाकांना ताकद हवी आणि वजन फक्त १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो हवे. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायचा. बँटम या छोट्या कंपनीने मुदत पाळली आणि सप्टेंबरात गाडी उभी केली. पण १३०० पौंडांत अशी गाडी बनणे शक्यच नव्हते. फौजेलाही ते कळले आणि मर्यादा वाढत २१६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर गेली.

विलिस कंपनीची गाडी या मर्यादेतही बसत नव्हती. तिचे इंजिन मात्र इतरांपेक्षा दांडगे होते. बँटम आणि फोर्ड यांच्याकडे पंचेचाळीसच्या आसपास अश्वशक्ती, तर विलिसकडे साठ. कंपनीचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. हलके, कमी ताकदीचे इंजिन बसवायचे, किंवा इंजिन ठेवून बाकी गाडीतून शंभर किलोंहून अधिक वजन काढायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. अख्खी गाडी खोलली, एकेक भाग तोलला. बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील तर ते आखूड केले. रंगाचा जादा थर नको म्हणून सांगितले. अशी ती गाडी काट्यावर बसली. महायुद्धात विलिस आणि फोर्ड मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या गेल्या.

इथे एक बारकावा आहे. रूस यांनी ताकद वाढवली नाही. होती ती राखली आणि ओझे उतरवले. परिणाम तोच झाला. गाडीतून दहा किलो काढले तर चढावर, वळणावर, ब्रेक लावताना, टायर झिजताना आणि पेट्रोल भरताना, सगळीकडे फायदा होतो. इंजिनात दहा घोडे जादा घातले तर फायदा फक्त पॅडल दाबल्यावर होतो. वळणावर आणि ब्रेकवर ते घोडे काही मदत करत नाहीत, उलट मोठ्या इंजिनाचे वजन तेवढे वाढते.

ही जीप आपल्याकडे कशी आली, त्याची गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. महायुद्धाच्या काळात कैलाशचंद्र महिंद्रा अमेरिकेत भारतीय पुरवठा मिशनचे काम पाहत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. युद्ध संपले आणि २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत कैलाशचंद्र, त्यांचे भाऊ जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली. पोलादाचा व्यापार हा तिचा पहिला धंदा. नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’.

गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिसाबात पक्के. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांनी काम केले होते आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थखातेही सांभाळले होते. फाळणी झाली तेव्हा ते पाकिस्तानला गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. ‘एम अँड एम’ ही अक्षरे तशीच राहिली, दुसऱ्या ‘एम’चा अर्थ तेवढा बदलला. १९४० चे दशक संपता संपता याच कंपनीने माझगावला विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली.

ही हकीकत मी मुलांना सांगतो तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर एक वेगळी चमक येते. ती मला कळते. आपल्या नावासारखे नाव रोज दिसणाऱ्या गाडीच्या इतिहासात सापडले की बरे वाटते. पण मी गोष्ट तिथे थांबवत नाही. पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाल्यावर याच गुलाम मोहम्मदांनी १९५४ मध्ये तिथली संविधान सभा बरखास्त केली, आणि त्या देशाची लोकशाही जी रुळावरून घसरली ती पुढे कितीतरी वर्षे सावरली नाही. हातात आलेली ताकद किती वापरायची, याचा हिसाब फक्त इंजिनिअरांनाच करावा लागतो असे नाही. मुंबईत त्यांच्यासोबत सुरू झालेली कंपनी इथेच राहिली, इथल्या कामगारांनी आणि मिस्त्र्यांनी ती वाढवली. मला स्वतःला त्या कारखान्यांतल्या आणि गावोगावच्या गॅरेजमधल्या अनाम हातांचा जास्त अभिमान वाटतो. आमच्या विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बसस्टँडजवळच्या गॅरेजमध्ये जीपखाली आडवा झालेला एखादा चाचा भेटतोच.

चांदा जिल्ह्याच्या जंगलात जीप म्हणजे सरकार. वनखात्याचा साहेब जीपमधून यायचा, निवडणुकीची पेटी जीपमधून जायची. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी, २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहून माडिया गोंड आदिवासींवर उपचार करू लागले. रस्ता नावापुरता. पावसाळ्यात नाले भरले की जगाशी संबंध तुटायचा. आजारी माणसाला खाटेवर टाकून, खाट खांद्यावर घेऊन लोक जंगलातून चालत यायचे. चार माणसांच्या त्या खाटेची अश्वशक्ती काढली तर एकही भरणार नाही. पण ती नाला ओलांडायची, आणि गाडी अलीकडे उभी राहायची.

अशा वाटेवर साठ घोड्यांची जीप का चालली? कारण तिचे घोडे हळू चालायला शिकलेले होते. जीपला साध्या गिअरबॉक्सशिवाय आणखी एक ‘लो’चा दांडा असतो. तो टाकून पहिला गिअर घेतला की इंजिनाचा पीळ चाकापर्यंत जाताना सुमारे २५ पट होतो. जुन्या विलिसचे आकडे घेऊन गुणाकार केला, तर चाकांशी मिळणारी ओढ जवळजवळ गाडीच्या स्वतःच्या वजनाइतकी येते. वेग माणसाच्या चालण्याइतका, पण ओढ हत्तीची.

आलापल्लीच्या एका बुजुर्ग मिस्त्र्यांना मी एकदा विचारले होते की चिखलात गाडीला किती एच.पी. लागते. हात पुसत ते म्हणाले, “सर, घोडे कित्ते बी जोतो, चक्का जागेपेच घूमा तो सब घोडे खडे.” मी घरी येऊन आकडेमोड केली आणि ते शंभर टक्के बरोबर निघाले. ओल्या चिखलात टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण तीस टक्के धरू. एक टनाच्या गाडीला, चारही चाके ओढत असली तरी, जमीन तीनशे किलोचाच जोर पेलू देते. त्यापुढे टायर फिरतो, गाडी जागेवरच. वेग ताशी पाच किलोमीटर धरला तर या जोराला अश्वशक्ती लागते फक्त साडेपाच! गाडीत साठ असोत, दीडशे असोत की पाचशे, त्या चिखलात कामाला येतात साडेपाच. बाकीचे घोडे खरोखरच उभे. दोनच चाके ओढत असतील तर याच्याही निम्मे.

मग मजेच्या गाडीचे काय? तिला तर चिखलात रुतायचे नाही, वळणावळणाच्या डांबरी रस्त्यावर पळायचे आहे. तिथेही इतिहास हेच सांगतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस सेव्हन’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचे ११७२ सीसीचे साधे इंजिन होते, अश्वशक्ती चाळीस. आपल्या पद्मिनीएवढीच! पण वजन पद्मिनीच्या जवळपास निम्मे. दार नाही, धड छप्पर नाही, जे नसले तरी गाडी चालते ते सगळे काढून टाकलेले. ती शर्यतीत धावली आणि जिंकलीही. १९७३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी हेमलकशाचे काम सुरू झाले त्याच वर्षी, ही गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि ती आजही बनते. २०१३ साली केटरहॅमने तिच्यात सुझुकीचे अवघे ६६० सीसीचे इंजिन बसवले. मारुती ८०० पेक्षाही लहान. टर्बोसकट अश्वशक्ती ८०, वजन सुमारे ४९० किलो.

याच सुमारास पुण्याकडे एक वेगळा प्रयोग चालू होता. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ दाखवली. रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन, अश्वशक्ती २५०, वजन दीड टनाच्या आसपास. आता दोन्ही गाड्यांचा ‘टनाला घोडे’ असा भागाकार करून पाहा. केटरहॅमला टनामागे १६० च्या वर, अवंतीलाही १६० च्या आसपास. ८० आणि २५० हे दोन आकडे जाहिरातीत शेजारी ठेवले तर कुणीही २५० निवडेल. वजनाने भागले की दोघी बरोबरीच्या.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाडी जितकी हलकी, तितके आपले स्वतःचे वजन जास्त जाणवते. ७५-७५ किलोची दोन माणसे बसली की केटरहॅमचा आकडा सव्वाशेवर येतो, अवंतीचा दीडशेच्या आसपास राहतो. हलक्या गाडीत डबा आणि मित्र दोन्ही मोजून घ्यावे लागतात.

हलक्या गाडीचा ध्यास मराठी माणसालाही नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला. पुढची वीस वर्षे ते सुधारित नमुने बनवत राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी, मोजक्या ताकदीची गाडी हे त्यांचे स्वप्न होते. ती बाजारात पोहोचली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी भारतात बनली. फायबरची बॉडी, रेनोचे १.२ लिटरचे इंजिन आणि साठेक घोडे. रस्त्यावर ती क्वचितच दिसली. आपल्याकडे हलकी गाडी म्हणजे स्वस्त गाडी आणि स्वस्त म्हणजे कमी प्रतीची, हे समीकरण घट्ट बसले आहे. नॅनोलाही तेच भोवले. गाडीपेक्षा तिची ‘स्वस्त’ ही ओळख लोकांना जड झाली.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो अहेरी-भामरागड मार्गावर काळी-पिवळी चालवतो. चार पैसे साठवले होते आणि स्वतःच्या हौसेची, उघडी, छोटी गाडी घ्यायची होती. डोक्यात थार. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण हप्ता त्याच्या महिन्याच्या निम्म्या कमाईएवढा. दुसरा पर्याय होता एक जुनी जिप्सी. “सर, जिप्सीत ऐंशीच आहेत, थारमध्ये दीडशे. लोक हसतील का?” असे त्याने विचारले. लोकांच्या हसण्याचा हिसाब माझ्याकडे नव्हता, गाडीचा होता. मी म्हटले, कागद-पेन घे.

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्यात एक लिटरचे, ४५ अश्वशक्तीचे इंजिन होते. जीपवाले तिला खेळणे म्हणायचे. पण ती हलकी होती आणि जीप जिथे रुतायची अशा कितीतरी ठिकाणांहून ती निघून जायची. पुढे १.३ लिटरचे इंजिन आले, अश्वशक्ती ६० आणि नंतर ८०. वजन साधारण एक टन. म्हणजे टनाला ८० घोडे. २०२० ची पेट्रोल थार १५० घोड्यांची, पण तिचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास. टनाला ८५. त्याने फोनवरच भागाकार केला आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे वरचे सत्तर घोडे थार स्वतःलाच ओढायला वापरते?”

जवळपास तसेच. पण ते वाढलेले वजन वाया गेलेले नाही, हेही मी त्याला सांगितले. त्यात एअरबॅग आहेत, चांगले ब्रेक आहेत, टक्कर झाली तर माणसाला वाचवणारा सांगाडा आहे. जुन्या जिप्सीत यातले जवळजवळ काही नाही. म्हणून जिप्सी घ्यायची तर हळू चालवायची, आणि चेसिस गंजली आहे का ते ओळखीच्या मिस्त्र्याला खाली आडवे करून बघायला लावायचे. आरटीओत फेरनोंदणीची मुदत कधी येते तेही तपासायचे. त्याने जिप्सी घेतली. उरलेल्या पैशांतून चार नवे टायर घातले, ब्रेकचे काम केले आणि सगळ्या सीटना पट्टे बसवले. हप्ता नाही. लोक हसले का ते मी विचारले नाही.

कुणी थार घेतली म्हणून मी त्याला नाव ठेवणार नाही. गाडी चांगली आहे, नाशिकला बनते, आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’च्या स्थापनेला बरोबर ७५ वर्षे झाली त्या दिवशी ती बाजारात आली. ज्याची ऐपत आहे, ज्याला लांबचे हमरस्ते कापायचे आहेत, त्याने घ्यावी. माझा आक्षेप आकड्याच्या नशेला आहे. वीस-बावीस वर्षांची मुले आकडा बघून कर्ज काढतात, आणि तो आकडा वसूल झाला पाहिजे म्हणून आलापल्लीच्या जंगलातल्या वळणांवर गाडी शंभरने हाणतात. समोरून बांबूचा ट्रक किंवा गुरांचा कळप आला की थांबायला लागतात ब्रेक, टायर आणि मोकळी जागा. घोडे तिथे कामाचे नसतात.

तर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. दोन माणसांची हलकी गाडी सहाशे-सातशे किलोंची असेल, तर रोजच्या चालण्याला पस्तीस-चाळीस घोडे पुरतात. मजा हवी असेल तर साठ-सत्तर. ऐंशी असतील तर ती चांगली खेळकर गाडी झाली. त्याच्या पुढचे घोडे शर्यतीच्या मैदानासाठी, किंवा गप्पांसाठी. गाडी एक टनाची असेल तर हेच आकडे दीडपट करा. पण आधी बघा की वजन कमी होते का.

हलकेपणाची एक बाजू मात्र या भागात विसरून चालत नाही. गाडी हलकी असली की ती पाण्यात लवकर तरंगते. एक टनाची बंद गाडी आपल्या तळाच्या वर साधारण वीतभर पाणी चढले की उचलली जाऊ शकते. जमिनीपासून धरले तर हे पाणी गुडघ्याच्याही खालीच असते. चाके जमिनीवरून सुटली की चारही चाकांची ताकद आणि ‘लो’चा दांडा काहीच करू शकत नाहीत. जड गाडी थोडी उशिरा उचलली जाते, एवढाच फरक. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि दोन्ही काठांना गाड्यांची रांग लागते. त्यात जुन्या बोलेरो असतात, काळ्या-पिवळ्या असतात, एसटी असते, आता दीडशे घोड्यांच्या थारही असतात. जाणती माणसे इंजिन बंद करतात, झाडाखाली बसतात आणि पाणी उतरायची वाट बघतात.